भिंतीपलीकडचा आवाज



'भिंतीला कान असतात' ही म्हण तुम्ही मराठीत ऐकली असेल. उर्दूतही ही म्हण जशीच्या तशी आहे. गुप्त गोष्ट हळू आवाजात बोलावी, कोणीतरी ऐकत असेल, असा तिचा अर्थ. पण दाट वस्तीत राहणाऱ्या माणसाला या म्हणीचा आणखी एक अर्थ रोज कळतो. भिंतीपलीकडे खरोखरच माणसे राहतात आणि त्यांना आपला आवाज ऐकू जातो. आपल्यालाही त्यांचा ऐकू येतो. एका घरात टीव्ही मोठ्याने चालू असतो आणि पलीकडच्या घरात आजारी दादी कूस बदलत असते. एका घरात रात्री बारा वाजता गाणी लागतात आणि वरच्या घरात दहावीचा मुलगा भूमितीचे प्रमेय पुन्हा पुन्हा वाचत असतो. ते त्याच्या डोक्यात शिरत नाही.

अशा वेळी काय करावे? पुष्कळ माणसे दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण मनातल्या मनात कुढत बसतात आणि एक दिवस एकदम भडकतात. काही जण पहिल्याच दिवशी भांडायला धावतात. दोन्ही मार्गांनी आवाज कमी होत नाही, उलट शेजार तुटतो. या पाठात आपण तिसरा मार्ग पाहू. त्यासाठी आधी आवाज म्हणजे काय, तो भिंत कसा ओलांडतो आणि कायदा काय सांगतो, हे समजून घेतले पाहिजे.

आवाज आणि गोंगाट

कोणतीही वस्तू कंप पावली, की तिच्याभोवतीची हवा हलते. ही हालचाल लाटांसारखी पसरत आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येते. यालाच आपण आवाज किंवा ध्वनी म्हणतो. नको असलेल्या, त्रास देणाऱ्या आवाजाला मराठीत गोंगाट म्हणतात. उर्दूत आपण त्याला शोर म्हणतो. एकच आवाज एकाला संगीत वाटतो, तर दुसऱ्याला गोंगाट. लग्नघरातल्या माणसाला ढोल गोड वाटतो. त्याच गल्लीत ताप आलेल्या माणसाला तोच ढोल डोक्यात घण घातल्यासारखा वाटतो. म्हणून 'मला तर त्रास होत नाही' हे उत्तर पुरेसे नसते.

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. दूरध्वनीचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हे नाव पडले. कुजबुजीचा आवाज सुमारे ३० डेसिबल असतो. समोरासमोर बसून आपण बोलतो तो सुमारे ६० डेसिबल. रहदारीच्या रस्त्यावरचा आवाज ८० डेसिबलच्या आसपास जातो. लग्नाच्या वरातीतील मोठ्या स्पीकरजवळ तो १०० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. आवाज १० डेसिबलने वाढला, तर त्यातील ऊर्जा दहापट होते. २० डेसिबलने वाढला, तर शंभरपट आणि ३० डेसिबलने वाढला, तर हजारपट. आपल्या कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून 'थोडासाच वाढवला आहे' असे म्हणणाऱ्याला कल्पना नसते, की त्याने शेजाऱ्याच्या घरात किती भर घातली आहे.

आवाज भिंत कसा ओलांडतो?

आवाज दोन वाटांनी शेजारच्या घरात जातो. पहिली वाट हवेची. बोलणे, टीव्ही, गाणी, लहान मुलाचे रडणे हे आवाज खिडकी, दार, दाराखालची फट आणि झरोका यांतून बाहेर पडतात. जेथून वारा जातो, तेथून आवाजही जातो. त्यामुळे खिडकी लावून घेतली किंवा दाराखालची फट जुन्या कापडाच्या गुंडाळीने बंद केली, तर हवेतून येणारा आवाज थोडा तरी कमी होतो.

दुसरी वाट भिंतीची आणि जमिनीची. वरच्या घरात खलबत्त्यात मसाला कुटला, खुर्ची ओढली, मुले उड्या मारू लागली किंवा शिवणयंत्र चालू झाले, तर तो धक्का थेट फरशीला बसतो. फरशी थरथरते, तिच्याबरोबर खालच्या घराचे छत थरथरते आणि छतच आवाज करू लागते. येथे खिडकी लावून काही उपयोग होत नाही. धक्का जेथे बसतो, तेथेच त्याला मऊ करावे लागते. खलबत्त्याखाली पोत्याची जाड घडी घालावी. मिक्सर आणि शिवणयंत्र यांच्या खाली रबराचे तुकडे ठेवावेत. खुर्चीच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे बांधावेत. यांपैकी कोणत्याही उपायाला फारसा खर्च येत नाही.

गाण्यांतील 'धमधम' असा जाड, खालच्या पट्टीतील आवाज दोन्ही वाटांनी जातो. भिंत बारीक आवाज बराचसा अडवते, पण हा जाड आवाज तिला सहज ओलांडतो. म्हणून शेजारच्या घरात गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसती धमधम ऐकू येते. स्पीकर दोन घरांच्या सामाईक भिंतीला टेकवून ठेवला असेल, तर हा त्रास फार वाढतो. तो भिंतीपासून दूर सरकवून जाड कापडाच्या घडीवर ठेवला, तर ऐकणाऱ्याची मौज कमी होत नाही आणि शेजाऱ्याची झोपही वाचते.

गोंगाटाने काय बिघडते?

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आपण झोपतो तेव्हाही कान जागेच असतात. झोपेत मोठा आवाज आला, की जाग आली नाही तरी हृदयाची गती वाढते आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी उठल्यावर अंग जड वाटते, चिडचिड होते, वाचलेले लक्षात राहत नाही. असे वर्षानुवर्षे चालले, तर रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. फार मोठ्या आवाजात रोज तासन् तास राहिले, तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होते. कानाच्या आतील ज्या नाजूक पेशी आवाज ओळखतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली काही मार्गदर्शक मर्यादा सांगितल्या. झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि वर्गात शिकवणे चालू असताना मागचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे झोपायला आणि शिकायला कुजबुजीइतकी शांतता हवी. आपल्या वस्त्यांत इतकी शांतता मिळणे कठीण आहे. पण कठीण आहे म्हणून तिची गरज कमी होत नाही. ज्या मुलाला घरात वेगळी खोली नाही, त्याच्यासाठी तर रात्रीचे दोन शांत तास हीच अभ्यासाची खोली असते.

आधी आपल्या घराचे ऐका

तक्रार करण्यापूर्वी एक काम करा. आपल्या घराबाहेर, जिन्यात किंवा गल्लीत पाच मिनिटे उभे राहा आणि आपल्याच घराचे आवाज ऐका. टीव्ही, भांड्यांचा खणखणाट, भावंडांची भांडणे, मोबाइलवर मोठ्याने चाललेले बोलणे हे सर्व बाहेर किती येते, ते पाहा. पहाटे पाणी येते तेव्हा तुमच्या घरातील पिंप फरशीवरून ओढले जाते का? रात्री उशिरा मोटारसायकल बंद करण्यापूर्वी कोणी ती विनाकारण गुरगुरवतो का? टाळी एका हाताने वाजत नाही, असे आपण मराठीत म्हणतो आणि उर्दूतही म्हणतो. गोंगाटाच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते.

दारावर जाऊन कसे बोलावे?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. शेजाऱ्याला सांगायचे कसे? त्यासाठी चार नियम लक्षात ठेवा.

पहिला नियम वेळेचा. त्रास चालू असताना, राग आलेला असताना जाऊ नका. रात्री बाराला जोरात दार वाजवले, तर समोरचा माणूसही रागानेच दार उघडतो. दुसऱ्या दिवशी निवांत वेळी जा.

दुसरा नियम माणसाचा. ज्याच्या घरातून आवाज येतो, त्यालाच आधी सांगा. गल्लीभर बोलून शेवटी त्याच्या कानावर गेले, तर राईचा पर्वत होतो. तुम्ही लहान असाल, तर अम्मी किंवा अब्बांना बरोबर घेऊन जा.

तिसरा नियम शब्दांचा. 'तुम्ही फार गोंगाट करता' असे म्हणू नका. कोणता आवाज, किती वाजता येतो आणि त्याने तुमचे काय अडते, एवढेच सांगा. शब्दाने शब्द वाढतो, म्हणून थोडे शब्द वापरा.

चौथा नियम विचारण्याचा. आपले सांगून झाले, की 'आमच्या घराचा तुम्हांला काही त्रास होतो का?' असे विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका इमारतीत खालच्या मजल्यावर दहावीत शिकणारी एक मुलगी राहते. वरच्या मजल्यावरच्या काकू घरगुती मसाले करून विकतात. रात्री दहानंतर त्यांच्या घरातून कुटण्याचा आवाज येतो. रविवारी दुपारी ती मुलगी आईबरोबर वर जाते.

"काकू, आत येऊ का?"

"या, या. बसा ना. काय ग, अभ्यास कसा चालला आहे?"

"त्याचसाठी आले, काकू. माझी पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. रात्री दहानंतर तुमच्याकडे मसाला कुटतात, त्याचा आवाज आमच्या छतातून फार येतो. त्या वेळी मी वाचत असते."

"अगं बाई, खाली इतका आवाज येतो होय? मला कल्पनाच नव्हती. काय करू, दिवसभर मी कामावर असते. घरी आले, स्वयंपाक झाला, की मग मसाल्याला हात लागतो."

"काकू, खलबत्त्याखाली पोत्याची घडी ठेवली, तर धक्का खाली कमी येतो. आणि परीक्षेपर्यंत नऊच्या आत कुटले, तर मला फार मदत होईल."

"ठेवीन की! नऊचेही बघते. रोज जमेल असे नाही, पण बघते. आता मीही एक सांगू का, भाभी? तुमच्याकडे पहाटे पाचला पिंप ओढतात ना, त्याने आमचे हे दचकून उठतात. त्यांना रक्तदाब आहे."

"अरे, हे आम्हांला कधी कळलेच नाही! उद्यापासून पिंप ओढणार नाही. दोघांनी मिळून उचलून ठेवू."

या बोलण्यातून काय झाले, ते पाहा. मुलीला वाटत होते, काकू मुद्दाम रात्री कुटतात. काकूंना वाटत होते, खालच्यांना आपली पर्वाच नाही. दोन्ही समज खोटे निघाले. काकूंच्या कुटण्यामागे त्यांचे पोट होते, पिंप ओढण्यामागे पाण्याची वेळ होती. आवाज पूर्ण बंद झाला नाही, पण दोन्ही घरांना सोसण्याइतका झाला. बहुतेक वेळा एवढेच हवे असते.

हमसाया आणि शेजारधर्म

उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात. एकाच सावलीत राहणारा, असा त्याचा अर्थ. मराठीत शेजारधर्म असा सुंदर शब्द आहे. शेजाऱ्याशी नीट वागणे हे कर्तव्यच आहे, असे तो शब्द सांगतो. आपल्या धार्मिक शिकवणीतही शेजाऱ्याच्या हक्काला फार मोठे स्थान आहे.

इमाम अबू हनीफा आठव्या शतकात इराकमधील कूफा शहरात राहत होते. त्यांच्याविषयी एक प्रसिद्ध कथा सांगतात. त्यांच्या शेजारी एक चांभार राहत असे. तो दिवसभर काम करी आणि रात्री नशेत मोठ्याने गात बसे. इमामसाहेब रात्री इबादत करीत, तेव्हा तो आवाज त्यांच्या कानी येई. एके रात्री गाणे ऐकू आले नाही. त्यांनी चौकशी केली. शिपायांनी त्याला पकडून नेले होते. इमामसाहेब स्वतः अधिकाऱ्याकडे गेले आणि त्याला सोडवून आणले. पुढे त्या माणसाने ती सवय सोडली, असे सांगतात.

या कथेचा अर्थ नीट समजून घ्या. सगळा गोंगाट मुकाट्याने सोसावा, असा तो नाही. ज्या घरात आजारी माणूस, तान्हे मूल किंवा परीक्षेचा विद्यार्थी आहे, त्याने 'सोसा' असे कोणी म्हणू नये. अर्थ असा, की शेजारी हा आपल्याला नुसता आवाज म्हणून माहीत असू नये, माणूस म्हणून माहीत असावा. त्याची ओळख असेल, तर तक्रारही सोपी होते.

ही गोष्ट आपल्या राज्यातही दिसून आली आहे. १९८४ साली भिवंडीत मोठी दंगल झाली. त्यानंतर काही वर्षांनी तेथील पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. वेगवेगळ्या धर्मांची माणसे त्यांत नियमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्यांनी आधीपासून बोलण्याची सवय ठेवली, त्यांना कठीण वेळी बोलता आले.

बोलून भागले नाही तर?

कधी कधी आपण नीट बोललो, तरी समोरचा ऐकत नाही. अशा वेळी पायरीपायरीने पुढे जावे. आधी एका वहीत नोंद ठेवावी. तारीख, वेळ, कोणता आवाज आणि किती वेळ चालला, एवढे लिहावे. 'रोज रात्रभर' असे बोलण्यापेक्षा 'आठवड्यात चार वेळा, रात्री अकरा ते एक' असे लिहिलेले जास्त वजनदार ठरते. मग इमारतीची समिती किंवा मोहल्ल्यातील दोघा जाणत्या माणसांना मध्ये घालावे. तरीही उपयोग झाला नाही, तर घरातील मोठ्या माणसांनी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी. आवाज चालू असतानाच मदत हवी असेल, तर ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

आपल्या देशात ध्वनी प्रदूषणाविषयी २००० सालापासून वेगळे नियम आहेत. त्यांतील मुख्य गोष्टी अशा. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली जाते. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बाजारपेठेच्या भागात ती ६५ आणि ५५, तर औद्योगिक भागात ७५ आणि ७० आहे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो. तेथे मर्यादा ५० आणि ४० डेसिबल आहे.

ध्वनिक्षेपक, म्हणजे लाउडस्पीकर, सार्वजनिक ठिकाणी लावायचा असेल, तर लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. राहत्या वस्तीत रात्री हॉर्न वाजवणे (अगदी अडचणीची वेळ सोडून), आवाजाचे फटाके उडवणे आणि बांधकामाची मोठा आवाज करणारी यंत्रे चालवणे यांनाही मनाई आहे. खाजगी घरातील गाण्याच्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे 'माझे घर, माझा आवाज' हे कायद्याला मान्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी एका महत्त्वाच्या निकालात ही बाब स्पष्ट केली. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण नको असलेला आवाज दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क कोणालाही नाही. शांतपणे जगता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

एकच माप सर्वांना

येथे एक अवघड गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. दुसऱ्याच्या सणाचा आवाज आपल्याला लवकर ऐकू येतो, आपल्या सणाचा उशिरा. दुसऱ्याच्या मिरवणुकीतील डीजे आपल्याला खुपतो, पण आपल्या जलशाचे किंवा जुलूसाचे कर्णे रात्री उशिरापर्यंत चालू असले, तर आपण म्हणतो, 'वर्षातून एकदाच तर आहे!' पलीकडचा माणूसही नेमके हेच म्हणत असतो.

कायद्याने सर्वांना एकच माप लावले आहे. २००० साली चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. हा नियम मशीद, मंदिर, चर्च, मंडळ आणि लग्नाचा मंडप या सर्वांना सारखाच आहे. अजान शेकडो वर्षे ध्वनिक्षेपकाशिवाय दिली जात होती, हे आपण जाणतोच. आपण स्वतः हे माप पाळले, तर दुसऱ्याकडे ते मागताना आपला आवाज खरा वाटतो.

पोटाचा आवाज

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत राहणाऱ्या मुलांना आणखी एक आवाज जन्मापासून ओळखीचा असतो. तो म्हणजे यंत्रमागांचा, आपण ज्यांना पॉवरलूम म्हणतो त्यांचा. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्याही वर जातो. पुष्कळ ठिकाणी शेड आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत असते. हा आवाज मौजेचा नाही, रोजीचा आहे. कदाचित तुमच्याच घरची चूल त्यावर पेटत असेल. म्हणून 'माग बंद करा' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

पण म्हणून काहीच करता येत नाही, असेही नाही. मागांच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे बसवले, ढिले झालेले भाग वेळेवर कसले आणि तेलपाणी नीट ठेवले, तर खडखडाट आणि थरथर कमी होते. घरांच्या बाजूच्या खिडक्या विटांनी बुजवून हवेसाठी दुसऱ्या बाजूने सोय करता येते. रात्रपाळीत घराला लागून असलेले माग बंद ठेवून दूरचे चालवता येतात. मालकाशी असे नेमके बोलले, तर बोलणे पुढे सरकते. मार्ग निघालाच नाही, तर महानगरपालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे लेखी अर्ज करता येतो. मागावर काम करणाऱ्या माणसाचे कान तर सर्वांत जास्त धोक्यात असतात. तुमचे अब्बा किंवा भाई शेडमध्ये काम करीत असतील, तर त्यांना कानात घालण्याची बुचे वापरायला जरूर सांगा. औषधांच्या दुकानांत ती मिळतात.

मित्रांनो, आज रात्री एक छोटासा अभ्यास करा. दहा वाजल्यावर दिवा मालवा आणि पाच मिनिटे नुसते ऐका. जे आवाज येतील, त्यांची सकाळी यादी करा. कोणता आवाज तुमच्या घराचा, कोणता शेजाऱ्याचा, कोणता रस्त्याचा, असे तीन भाग करा. पहिल्या भागातील एक आवाज उद्याच कमी करा. दुसऱ्या भागातील एकाविषयी योग्य वेळ पाहून, सलाम किंवा नमस्कार करून शेजाऱ्याशी बोला. तिसऱ्या भागाविषयी वर्गात चर्चा करा आणि गरज वाटली, तर गुरुजनांच्या मदतीने मराठीत एक अर्ज लिहा. अर्ज कसा लिहावा, हे तुम्ही शाळेत शिकताच. तो खऱ्या कामासाठी लिहिला, तर त्याचा उपयोगही कळेल.